धास्ती आणि खबरदारी : जुन्नर-आंबेगावच्या साथकाळाविषयी

साथीच्या काळात माणूस खबरदारी घेतो ती कशाच्या जोरावर, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे. सरकारी उत्तर ठरलेले असते : माहिती द्या, म्हणजे लोक काळजी घेतील, नाही घेतली तर दंड करा. पण २०२० च्या मार्चपासून पुढची दोन वर्षे जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत माहितीची कमतरता कधीच नव्हती. फोन लावला की रिंग वाजायच्या आत खोकल्याचा आवाज आणि सूचना कानावर यायची. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर तेच, देवळाच्या स्पीकरवर तेच, मोबाइलवर तर विचारूच नका. तरीही एकाच आळीत, पुष्कळदा एकाच घरात, एक जण दुधाच्या पिशवीलाही साबण लावत होता आणि दुसरा ताप अंगावर काढून बाजाराला जात होता. दोघांनी ऐकले होते ते एकच. वेगळे होते ते त्यांचे मन आणि त्या मनाला आजूबाजूने मिळणारा किंवा न मिळणारा आधार.

मन आणि खबरदारी यांचा हा संबंध सरळ रेषेचा नाही. थोडी धास्ती माणसाला सावध करते. धास्ती फार वाढली की तोच माणूस लपू लागतो, ताप लपवतो, तपासणी टाळतो, आशाताई दारात आली की मागच्या दाराने शेतात जातो. आणि ज्याचे मन खचलेले आहे त्याला कसलीच धास्ती उरत नाही. ‘व्हायचं ते होऊ दे’ असे म्हणून तो मास्क खिशात ठेवतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळे सारखेच बेफिकीर दिसतात. या पुस्तकाचे मुख्य म्हणणे असे की ते सारखे नाहीत. लपणाऱ्याला दंड केला तर तो आणखी खोल लपतो. खचलेल्याला माहिती दिली तर ती त्याच्या कानावरून जाते. मनाची विचारपूस करणे हे साथनियंत्रणाचेच काम आहे, आणि ते साथ ओसरल्यावर सवडीने करायचे नसते.

या भागाशी ओळख नसलेल्या वाचकासाठी थोडे सांगायला हवे. जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे शेजारी तालुके. पुणे-नाशिक महामार्ग मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही बाजारगावे ओवत जातो. त्याच्या दोन्ही अंगांना कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर पोसलेली बागायत आहे : ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे, आणि सातगाव पठारावर बटाटा. पश्चिमेला नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर अशी सह्याद्रीची धार, आणि तिच्या कुशीत महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या वाड्यावस्त्या. तिथे भात, हिरडा आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते. डिंभे धरणाचे पाणी पूर्वेला जाते, पाण्याखाली गेलेल्या जमिनी पश्चिमेच्या. प्रत्येक तालुक्यात हे दोन्ही पट्टे एकाच तहसील कार्यालयाच्या नोंदीत असले तरी साथीत त्यांच्यावर आलेले ओझे एकसारखे नव्हते, आणि म्हणून त्यांच्या सवयीही एकसारख्या राहिल्या नाहीत.

या भागाचा तिसरा पट्टा मुंबईत आहे. मुंबईचे डबेवाले मुख्यतः जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी, अकोले या तालुक्यांतले. माथाडी कामगारांतही इथले पुष्कळ. २० मार्च २०२० पासून डब्यांची सेवा थांबली, चार दिवसांनी देशभर टाळेबंदी जाहीर झाली, आणि माणसे गावाकडे निघाली. पुढे जे घडले ते या दोन तालुक्यांतल्या बहुतेक गावांत थोड्याफार फरकाने सारखेच आहे. वेशीवर काटेरी फांद्या पडल्या, कुठे बैलगाडी आडवी लावली गेली. आलेल्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवले. आयुष्यभर परक्यांचे डबे वेळेवर पोचवलेला माणूस शाळेच्या व्हरांड्यात बसून होता; घरून आलेला डबा फाटकाजवळच्या दगडावर ठेवला जाई, आणणारे माणूस चार पावले मागे सरे, मग हा उठून तो घेई. नियम म्हणून यात चूक काही नव्हती. पण त्याच चार पावलांत एखाद्या घरी आपुलकी टिकली आणि एखाद्या घरी ती कायमची दुरावली. डबा ठेवून तिथेच लांब बसून, तो जेवेपर्यंत गप्पा मारणारी माणसे होती. तोंड फिरवून जाणारीही होती. पहिल्या घरच्या माणसाने चौदा दिवस मनापासून पाळले. दुसऱ्याला पुढे खोकला आला तेव्हा त्याने तो कोणाला सांगितला नाही.

असे लपवणे या जिल्ह्याला नवे नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात वॉल्टर रँड याच्या प्लेग कमिटीने सोल्जर घरात घुसवून झडत्या घेतल्या, रोग्यांना उचलून छावण्यांत नेले, घरातले सामानसुमान जाळले. लोकांनी काय केले? रोगी माळ्यावर लपवले, मेलेली माणसे गुपचूप पुरली. शहर सोडून जे पळाले ते रोगही बरोबर घेऊन गेले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या हा त्या कथेचा राजकीय भाग आपण शाळेत शिकतो. आरोग्याचा भाग शिकत नाही. बळजबरीची धास्ती रोगाच्या धास्तीपेक्षा मोठी झाली की खबरदारी उलटी फिरते, हा धडा त्या एका वर्षात पुण्याने पुरेपूर घेतला होता. त्याच वर्षी आलेला साथरोग कायदा मात्र तसाच राहिला, आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने तोच पुन्हा लागू केला.

त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले आजाऱ्यांना स्वतः उचलून आपला मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात आणत होत्या. त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. छावणीत जायला तयार नसलेली माणसे त्या दवाखान्यात का जात असतील, याचे उत्तर औषधात शोधून उपयोग नाही. प्लेगवर तेव्हा औषध नव्हतेच, कोणाकडेच नव्हते. तिथे आपले माणूस होते. रँडची कमिटी आणि सावित्रीबाईंचा दवाखाना ही एकाच गावातली, त्याच काही महिन्यांतली दोन टोके मला या सबंध विषयाचा पाया वाटतात, आणि परदेशी पुस्तकांतल्या पुष्कळ सिद्धांतांपेक्षा ती मला अधिक शिकवतात.

गावांनी मात्र प्लेगमधून एक सवय स्वतःहून उचलली. उंदीर पडू लागले की गाव सोडायचे आणि रानात झोपड्या घालून राहायचे. ही खबरदारी टिकली, पुढच्या अनेक साथींत लोकांनी ती कोणी न सांगता पाळली. कारण ती सगळ्या गावाने मिळून करायची होती. एकटे पडण्याचे भय तिच्यात नव्हते. मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेण्याचा जुना विधी, देवीच्या साथीत घराला पाळायचे निर्बंध, यांनी रोग थांबत नव्हता, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण त्यांनी धास्तीला सामुदायिक रूप दिले, काहीतरी करता येते अशी भावना दिली. आधुनिक आरोग्यसेवेने तो विधी योग्य कारणाने बाजूला सारला. त्याने भागवलेली मनाची गरज मात्र कोणी भागवली नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने, म्हणजे आपल्याकडच्या मानमोडीने, देशात सव्वा कोटीहून अधिक माणसे नेली असा अंदाज आहे. इतके घडूनही त्या साथीची आठवण आपल्या लिखाणात आणि सार्वजनिक स्मृतीत फार क्षीण आहे. मला ते विसरणे साधे वाटत नाही. ज्याचा शोक कोणी मिळून केला नाही ते समाज पुरून टाकतो, आणि त्याबरोबर शिकलेलेही पुरले जाते. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला; रातोरात सगळे शहर तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले आणि काही महिन्यांत तो रुमाल सुटलाही.

आता अभ्यासकांनी या संबंधाचा माग कसा काढला ते पाहू. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्षयाच्या तपासणीसाठी एक्स-रेच्या गाड्या फुकट दारात येत होत्या आणि लोक येत नव्हते. तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्यातले हॉखबाउम, रोझेनस्टॉक हे मानसशास्त्रज्ञ याचा शोध घेऊ लागले, आणि त्यातून आरोग्यविषयक समजुतींचा सिद्धांत उभा राहिला : मला हा रोग होऊ शकतो का, झाला तर किती वाईट, खबरदारीने फायदा काय आणि आड काय येते, या चार हिशेबांवर माणूस ठरवतो. पुढे त्यात महत्त्वाची भर पडली ती अल्बर्ट बँडुरा यांनी मांडलेल्या ‘हे मला जमेल’ या विश्वासाची. ही शाळा आजही आरोग्यशिक्षणावर राज्य करते. तिचा दोष असा की तिच्यातला माणूस सदा शांत डोक्याने हिशेब करत असतो. तीन रात्री झोप न लागलेला माणूस असा हिशेब करत नाही.

दुसरी शाळा भीतीचा अभ्यास करणारी. १९५३ मध्ये जॅनिस आणि फेशबाख यांनी शाळकरी मुलांना दात किडण्याविषयी तीन प्रकारे सांगून पाहिले : एका गटाला फार घाबरवून, एकाला बेताने, एकाला हलकेच. ज्यांना सर्वांत कमी घाबरवले त्यांनीच सांगितलेले सर्वांत जास्त पाळले. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत असे आढळले नाही, वाद अजून चालू आहे. मात्र हॉवर्ड लेव्हेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये येल विद्यापीठात केलेला प्रयोग प्रत्येक तालुका आरोग्य अधिकाऱ्याने भिंतीवर लावावा असा आहे. धनुर्वाताची भीती कमी घातली की जास्त, याने लस टोचून घेणाऱ्यांच्या संख्येत फारसा फरक पडला नाही. पण ज्यांना दवाखान्याचा नकाशा दिला, कोणत्या दिवशी किती वाजता जाणार हे ठरवायला लावले, त्यांच्यातले शंभरात सत्तावीस-अठ्ठावीस जण गेले, इतरांतले तीन-चारच. आर. डब्ल्यू. रॉजर्स (१९७५) आणि किम विटी (१९९२) यांनी याचीच मांडणी पुढे नेली : धोका मोठा वाटतो आणि उपाय हातात आहे असेही वाटते तेव्हा माणूस धोक्याला आवर घालतो, धोका मोठा आणि उपाय हाताबाहेर, तेव्हा तो आपल्या भीतीला आवर घालतो, म्हणजे डोळे मिटतो, नाकारतो, चेष्टा करतो. कोरोना-बिरोना काही नाही, हे सगळं पैशासाठी चाललंय, असे जे आपण पारावर ऐकले ते पुष्कळदा अज्ञान नव्हते. ती आवरलेली भीती होती.

तिसरी शाळा मनोविकारतज्ज्ञांची. २००३ च्या सार्सच्या वेळी हाँगकाँगमध्ये दिसले की मध्यम चिंता असलेले लोक सर्वांत नीट खबरदारी घेतात. फेब्रुवारी २०२० च्या आरंभी चीनमधल्या १९४ शहरांतल्या १,२१० लोकांची ऑनलाइन पाहणी झाली. निम्म्याहून अधिक लोकांनी मनावर मध्यम ते तीव्र परिणाम झाल्याचे सांगितले, आणि जे हात धुणे, मास्क लावणे नेमाने करत होते त्यांच्यात ताण, चिंता, नैराश्य कमी दिसले. म्हणजे खबरदारी मनाला धीरही देते. की धीर असलेलेच खबरदारी घेऊ शकतात? एकदाच केलेल्या पाहणीतून याचा उलगडा होत नाही. शिवाय ऑनलाइन पाहणीत कोण सापडते, हेही विचारले पाहिजे. ज्या वाडीवर रेंज पकडायला टेकाडावर जावे लागते तिथली बाई अशा आकड्यांत कधीच नसते. याच शाळेने अतिरेकाचीही नोंद घेतली. हात धुण्याचा आधीच ध्यास असलेल्या माणसाला साथीने परवानाच दिला. त्याची ‘चांगली सवय’ हीच त्याची व्याधी होती.

चौथी शाळा आपल्या जवळची आहे. १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या ‘संगत’ संस्थेने विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या कामातून दाखवले की डॉक्टर नसलेली, गावातलीच माणसे योग्य शिकवल्यावर नैराश्य आणि चिंता यांवर गुणकारी मदत करू शकतात. प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या त्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. महाराष्ट्रात ठाण्याची आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही संस्था मनाच्या आरोग्याची भाषा मराठी माणसाच्या बोलण्यात आणण्याचे काम १९९० पासून करते आहे. या शाळेला मी मनाने सर्वांत जवळचा आहे हे लपवत नाही, कारण ती माणसाला एकटे धरून मोजत नाही.

या चारही शाळा हातात घेऊन दोन तालुक्यांच्या दोन वर्षांकडे पाहिले की काय दिसते? पहिली गोष्ट, साथ कधी एकटी आली नाही. २०२० च्या मे महिन्यात टोमॅटोवर विषाणूजन्य रोग पडला, आणि टोमॅटोतून माणसाला बाधा होते अशी आवई उठली. नारायणगावच्या टोमॅटो बाजारावर पोट असलेल्या शेतकऱ्याला माणसाचा विषाणू आणि पिकाचा विषाणू एकाच महिन्यात भेटले, आणि दोन्हींची बातमी एकाच मोबाइलवर आली. मग ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ. आदिवासी पट्ट्यात घरांचे पत्रे उडाले, हिरड्याचे नुकसान झाले; त्याच्या भरपाईसाठी लोकांना पुढे वर्षानुवर्षे झगडावे लागले. ज्याच्या डोक्यावरचे छप्परच उडाले आहे त्याला घरातच राहा म्हणणे कसे लागू व्हावे? एका खोलीत सात माणसे राहतात तिथे वेगळी खोली कुठून आणावी? अशा घरांत खबरदारी सुटली ती मनाच्या कमकुवतपणाने सुटली नाही. पण दररोज अशक्य सूचना ऐकत राहण्याने मन खचते, आणि खचलेले मन मग जे शक्य आहे तेही सोडून देते. हा दुसरा टप्पा आपल्या धोरणकर्त्यांच्या लक्षात आला नाही.

दुसरी गोष्ट नारायणगावचीच. विठाबाई भाऊ मांग यांचे हे गाव, तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन जत्रेची सुपारी देतात. २०२० चा आणि २०२१ चा, असे दोन्ही चैत्र कोरडे गेले. फडमालकांनी कर्ज काढून कलावंतांना उचल दिलेली असते. ती फिटणार कशी? तमाशातल्या माणसांची कथने या संग्रहात आहेत आणि ती वाचताना एक गोष्ट मला फार लागली. पैसा गेल्याचे दुःख ती माणसे सांगतातच, पण समोर माणसे नसणे हे त्यांनी त्याच्या आधी सांगितले आहे. ज्याचे सगळे जगणे गर्दीवर आहे त्याला गर्दी टाळा हे सांगताना दुसरे काय देणार, याचा विचार कोणी केला नव्हता.

तिसरी गोष्ट दुसऱ्या लाटेची. एप्रिल-मे २०२१ मध्ये गावांतल्या बोलण्यात एक नवीनच प्रश्न आला : ‘स्कोअर किती?’ छातीच्या सीटी स्कॅनचा आकडा परीक्षेच्या गुणांसारखा घरोघर सांगितला जात होता. ऑक्सिजनचा बेड, रेमडेसिव्हिरची चिठ्ठी, मंचरला जागा आहे का, नाही तर पुणे. पहिल्या लाटेत धास्ती दूरच्या बातम्यांची होती, आता ती शेजारच्या घरातून निघालेल्या प्रेताची होती, आणि त्या प्रेताला खांदाही देता येत नव्हता. एकेका माणसाबद्दल लोक म्हणायचे, तो कोरोनाने गेला नाही, त्याने धसकाच घेतला. वैद्यकशास्त्र याला मृत्यूचे कारण मानणार नाही. पण लोक जे पाहत होते ते खरे होते : जेवण सोडलेला, झोप गेलेली, औषध हातात घेऊन बसलेला आणि न घेणारा माणूस. त्याला ऑक्सिमीटर लावून ९४ का ९२ हे पाहणारे होते. रात्री झोप लागते का, हे विचारणारे फार थोडे होते.

विचारणाऱ्या होत्या त्या बहुतेक आशाताई. १५ सप्टेंबर २०२० ला ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली तेव्हा घरोघर ताप आणि ऑक्सिजन मोजत त्याच फिरल्या. त्यांना काही दारांत पाणी मिळाले नाही, काही वस्त्यांवर हाकलले गेले. घरी सासू-सासऱ्यांनी वेगळे बसवले. जून २०२१ मध्ये राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या तेव्हा त्यांची मागणी पैशांची होती आणि ती न्याय्य होती. पण दुसऱ्याची धास्ती दिवसभर ऐकून घेणाऱ्या बाईने आपली कुठे सांगावी, हा प्रश्न कोणत्याही मागणीपत्रात मावणारा नव्हता.

एक अवघड मुद्दा इथे टाळता येत नाही. अंतर ठेवा, शिवू नका, त्यांच्या घरचे पाणी नको, ही भाषा आपल्या समाजाने विषाणूकडून शिकलेली नाही. जन्माने अंतर ठेवणाऱ्या गावात आरोग्याचे अंतर सगळ्यांना सारखे लागू झाले, असे मानणे भाबडेपणाचे आहे. कोणाच्या घरचा ताप ‘साथ’ ठरला आणि कोणाचा ‘हवाबदल’, कोणाच्या वस्तीवर आधी दोरी बांधली गेली, हे या पुस्तकातले काही लेख नेमकेपणाने दाखवतात. ज्याच्या पिढ्यांनी अंतर सोसले आहे त्याच्या मनात या सूचनेने काय ढवळले असेल, याचा अभ्यास मनोविकारशास्त्राने अजून नीट केलेला नाही.

या दोन तालुक्यांना भीतीबरोबर राहण्याचा अनुभव साथीच्या आधीपासूनचा आहे, आणि म्हणूनच हा विषय इथे अभ्यासण्यात अर्थ आहे. ३० जुलै २०१४ च्या पहाटे आंबेगावातल्या माळीणवर डोंगर कोसळला, १५१ माणसे गेली. नव्या माळीणचे लोकार्पण २ एप्रिल २०१७ ला झाले, आणि त्याच जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तिथे रस्ते खचले, तेव्हा लोकांनी घरे सोडून तात्पुरत्या शेडकडे धाव घेतली. त्यांना कोणी घाबरट म्हटले असेल तर ते चूक होते. तीच त्यांची खबरदारी होती. पण दर पावसात रात्रभर जागे राहणे ही खबरदारी आणि व्याधी यांच्या सीमेवरची अवस्था आहे, आणि त्या सीमेवर माणसाला एकटे सोडायचे नसते.

जुन्नरच्या उसातला बिबट्या हे दुसरे उदाहरण. अंधार पडला की मूल एकटे बाहेर सोडायचे नाही, रात्री पाणी धरायला जाताना बॅटरी आणि काठी, बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून जायचे, शेळ्यांचा गोठा बंदिस्त ठेवायचा, या सवयी इथल्या घरांत रुजल्या आहेत. मास्क का रुजला नाही? बिबट्याचा माग दिसतो, हा एक भाग. पण त्याहून मोठे कारण मला असे वाटते की बिबट्यापासून जपणे हे शेजाऱ्याला जवळ बोलावून करायचे काम आहे, आणि विषाणूपासून जपणे शेजाऱ्याला दूर ठेवून. पहिल्याने भीती वाटून घेतली जाते, दुसऱ्याने ती घरात कोंडते. जिथे दूर राहूनही सोबत देण्याची रीत कोणी बसवली, जसे ओट्यावरून रोज संध्याकाळी एकमेकांना हाक मारून विचारपूस करणे, तिथे मास्कही जास्त दिवस टिकले, असे अनेक कथनांत येते. हा पुरावा कच्चा आहे, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

हे सगळे आता का? जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले की साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. आपल्याकडच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये होती, महाराष्ट्र त्यांत नव्हता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला, १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चालू झाला. क्रमांक आहे, पण फोन लावायला रेंज आणि घरात एकांत दोन्ही लागतात. आणि साथी काही थांबलेल्या नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण अचानक वाढले, तेव्हा पाणी उकळून प्या ही सूचना निघाली आणि पुन्हा तेच दृश्य : कोणी बाटलीबंद पाण्याचे खोके भरले, कोणी हसण्यावारी नेले. पुढची साथ येईल तेव्हा आपण पुन्हा भोंग्यावर सूचना लावूनच सुरुवात करणार असू, तर २०२० ते २०२२ मध्ये गेलेल्या माणसांचे आपण काहीच देणे फेडले नाही.

हे पुस्तक पाहणीचा अहवाल नाही. त्यात आशा सेविका, शिक्षक, शेतकरी, डबेवाले, तमाशा कलावंत आणि काही डॉक्टर यांची कथने आहेत, आणि त्यांच्यामध्ये अभ्यासकांचे लेख. कथने ज्या बोलीत सांगितली गेली त्याच बोलीत ठेवली आहेत, नावे बदलली आहेत. संपादकांनी कुठेही ‘अमुक टक्के लोकांनी’ असे म्हटलेले नाही. जेवढी माणसे बोलली तेवढ्यांच्याच बळावर ते बोलतात, आणि मला हा संयम मोलाचा वाटतो. ज्यांना आकडे हवेत त्यांनी पुढची पाहणी आखताना प्रश्न इथून घ्यावेत. ‘तुम्ही मास्क लावता का’ याच्या जोडीने ‘तुम्हाला ताप आला तर सर्वांत आधी कोणाला सांगाल’ हाही प्रश्न विचारावा. माझा अंदाज आहे की दुसऱ्याच्या उत्तरावरून पहिल्याचे उत्तर बरेचसे सांगता येईल.

वाचकांना एक सुचवतो. पुस्तक सरळ वाचण्याऐवजी पश्चिम पट्ट्यातली कथने आधी वाचावीत. ती आकाराने लहान आहेत, काही तर अर्ध्या पानाची. बोलणारी माणसे मोजके बोलतात. त्यानंतर अभ्यासकांचे लेख घेतले तर सिद्धांत कुठे लागू पडतो आणि कुठे अपुरा ठरतो हे आपोआप कळत जाते. आरोग्य खात्यात किंवा शाळेत काम करणाऱ्यांनी आशाताईंचा विभाग मासिक बैठकीत मोठ्याने वाचावा, आणि वाचून झाल्यावर बैठकीतल्या आशांना त्यांचे स्वतःचे सांगायला वेळ द्यावा.